जुनी की नवी, त्याआधी भरणा कुठे आहे ते विचारा

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत सात दिवस संपावर होते. त्याच्या आदल्या महिन्यात विद्यापीठांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आश्वासित प्रगती योजना (बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) आणि सातव्या वेतन आयोगाच्या थकलेल्या मागण्यांसाठी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ठरावीक निवृत्तिवेतनाची हमी देणारी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि लगेच राज्यानेही ती स्वीकारली. तरी वाद आहे तिथेच आहे. एका बाजूला जुनी योजना, दुसऱ्या बाजूला एनपीएस, म्हणजे बाजारावर चालणारी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली, आणि मधोमध नोव्हेंबर २००५ ची पहिली तारीख. त्या तारखेच्या आधी रुजू झालेल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन, नंतर रुजू झालेल्याला एनपीएसमध्ये बाजार देईल ते. एकाच विभागात शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघांच्या म्हातारपणात एवढी तफावत असू नये, ही तक्रार सोळा आणे खरी आहे.

पण या वादात एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. दिलेल्या शब्दाचे पैसे दर महिन्याला कुठे जमा होतात, आणि तो हिशेब कर्मचाऱ्याला दिसतो का? योजनेच्या नावापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पेन्शनची कथा कळली की तो किती मोठा आहे ते समजते.

हेही आपल्याकडच्यासारखेच सार्वजनिक विद्यापीठ, दहा परिसरांचे. याची पेन्शन योजना ठरावीक लाभाची, म्हणजे आपल्या जुन्या पेन्शनच्या जातीची. फरक असा की तिचा स्वतंत्र निधी आहे आणि विद्यापीठाचे नियामक मंडळ, म्हणजे रीजंट्स, त्या निधीचे विश्वस्त आहेत. १९९० च्या सुमारास हा निधी इतका भरभक्कम होता की नोव्हेंबर १९९० मध्ये विद्यापीठाने त्यात भर घालणे थांबवले. कर्मचाऱ्यांची वर्गणीही निधीऐवजी त्यांच्या स्वतंत्र बचत खात्यात वळवली. पगार वाढत होते, नवी माणसे येत होती, प्रत्येक वर्षाच्या सेवेबरोबर नवे देणे तयार होत होते आणि निधीत नवा पैसा येत नव्हता. शेअर बाजार चढता असल्यामुळे कुणाला काही खटकले नाही. भरण्याची ही सुट्टी जवळजवळ वीस वर्षे चालली.

२००८ ची मंदी आली आणि शिल्लक आटली. २०१० च्या वसंतात भरणा पुन्हा सुरू झाला. जुलै २०११ मध्ये विद्यापीठाचा वाटा पगाराच्या ७ टक्के, २०१२ मध्ये १०, २०१३ मध्ये १२, २०१४ मध्ये १४. जुन्या कर्मचाऱ्यांची वर्गणी त्याच काळात ३.५ वरून ८ टक्क्यांवर गेली. एवढे करूनही भागेना, म्हणून विद्यापीठाने स्वतःच्या अल्पमुदतीच्या ठेवींतून उसने घेऊन पेन्शन निधीत रक्कम घातली. या वीस वर्षांची किंमत मोजली ती मुख्यतः नंतर आलेल्यांनी. जुलै २०१३ पासून रुजू होणाऱ्यांसाठी निवृत्तीचे किमान वय ५० वरून ५५ झाले आणि पूर्ण दर मिळण्याचे वय ६० वरून ६५.

हा बदल कागदावर छोटा दिसतो, म्हणून आकडे घालून पाहू. तिथले सूत्र असे: सलग ३६ महिन्यांच्या सर्वाधिक पगाराची सरासरी, गुणिले सेवेची वर्षे, गुणिले निवृत्तीच्या वयानुसार ठरणारा दर. सरासरी महिना ६,००० डॉलर आणि सेवा २० वर्षे धरा. जुन्या गटातल्याला वयाच्या साठीला २.५ टक्के दर, म्हणजे महिना ३,००० डॉलर. २०१३ नंतरच्याला त्याच वयाला १.८ टक्के दर, म्हणजे २,१६०. काम तेच, वर्षे तेवढीच, आणि हातात महिन्याला ८४० डॉलर कमी, तेही जन्मभर. भरणा थांबला तेव्हा यातले बरेच जण शाळेत होते.

आता आपल्याकडे या. जुन्या पेन्शनला निधीच नाही. ती दर वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पातून दिली जाते, कर्मचाऱ्याची वर्गणी नाही. लाभाच्या बाजूने पाहिले तर ती कॅलिफोर्नियातल्यापेक्षा उदार आहे. आपल्याकडे निवृत्तिवेतनावर महागाईवाढ मिळते, वेतन आयोग आला की निवृत्तिवेतनही नव्याने बसवले जाते. कॅलिफोर्नियात महागाई २ टक्क्यांपर्यंत असेल तर तेवढी पूर्ण वाढ, ४ पर्यंत गेली तरी २ च, ४ च्या वरच्या भागाच्या पाऊण हिश्श्याची भर, आणि काही झाले तरी ६ च्या वर नाही. म्हणून परदेशातली योजना डोळे झाकून उचला असे मी म्हणणार नाही. पण निधी नसलेल्या शब्दाला एक धोका कायम असतो: सरकारची तिजोरी अडचणीत आली की आधी पुढच्या पिढीचा शब्द मागे घेतला जातो. २००५ मध्ये नेमके तेच झाले.

आणि नव्या योजनेत निधी होता तिथे भरण्याचा हिशेब हरवला. अंशदायी, म्हणजे कर्मचारी आणि शासन दोघांच्या वर्गणीच्या, योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांत पगारातून १० टक्के कापले गेले, पण शासनाचा हिस्सा आणि व्याज दाखवणारी पावती वर्षानुवर्षे मिळाली नाही, ही राज्यभरातल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांची जुनी तक्रार आहे. ज्याच्याकडे त्या काळाच्या पगारपत्रकांच्या प्रती आहेत त्याला आजही कपात आणि जमा ताडून पाहता येते. ज्याच्याकडे नाहीत त्याने कार्यालयातून त्या आताच मागून घ्याव्यात, निवृत्तीच्या वर्षाची वाट पाहू नये.

कॅलिफोर्नियाकडून मला खरोखर घेण्यासारखी वाटते ती माहितीची शिस्त. निधीचे मूल्यमापन दर वर्षी विमागणिती (भावी देणी मोजणारे तज्ज्ञ) करतात आणि ते रीजंट्सच्या खुल्या सभेत मांडले जाते. देणे किती, जमा किती, परताव्याचा दर किती धरला, सगळे तिथे असते. २०१९ मध्ये हा दर ७.२५ वरून ६.७५ टक्क्यांवर आणला, तेव्हा कागदावरची तूट वाढली, आणि ती वाढलेली तूट उघडपणे छापली गेली. प्रत्येक कर्मचाऱ्याला आपली जमा सेवा संकेतस्थळावर दिसते. तिथेच चुका सापडतात. अर्धवेळ केलेले वर्ष अर्धेच धरले जाते, बिनपगारी रजेचा काळ धरला जात नाही आणि तो ठरावीक मुदतीत पैसे भरून विकत घ्यावा लागतो. मुदत टळली की संधी गेली.

निवड करण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. जुलै २०१६ नंतर आलेल्याला ९० दिवसांत पेन्शन किंवा बचत यांपैकी एक घ्यावे लागते. दोन्हीत त्याची वर्गणी ७ टक्के. बचतीत विद्यापीठ त्याच्या खात्यात ८ टक्के घालते आणि एका वर्षानंतर ते पैसे त्याचे होतात. पेन्शनचा हक्क पक्का व्हायला पाच वर्षे लागतात. काहीच कळवले नाही तर पेन्शन गृहीत धरतात. म्हणजे गोंधळून गप्प बसलेल्या माणसाला शाश्वत उत्पन्नाची बाजू मिळते. आपल्याकडे उलट आहे. नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीतून नंतर रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा एकवेळचा पर्याय दिला, पण सहा महिन्यांत अर्ज न देणारा नव्या योजनेतच राहिला. कुठला तरी शासन निर्णय व्हॉट्सॲपवर फिरत येतो, त्यावरून लोक आयुष्यभराचा निर्णय घेतात. कुलसचिव कार्यालयाने प्रत्येकाला नावाने पत्र द्यावे, त्यात त्याच्याच पगारावर दोन्ही बाजूंचे आकडे मांडावेत, पोच घ्यावी. याला फारसा खर्च लागत नाही.

या सगळ्यात जो कुठेच नाही तो तासिका तत्त्वावरचा शिक्षक. महाविद्यालये त्याच्यावर चालतात, आणि ‘जुनी की नवी’ या प्रश्नात तो मोजलाच जात नाही, कारण त्याला दोन्ही नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासिकेला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सांगितले. तासिकेच्या दरावर आंदोलने होतात, ती व्हायलाच हवीत. पण दर वाढला तरी दहा-पंधरा वर्षे शिकवून त्याच्या नावावर सेवेचे एक वर्षही चढत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठात याला तासांचा नियम आहे. कायम नेमणूक नसली तरी बारा महिन्यांत १,००० तास भरले की कर्मचारी पेन्शन योजनेत येतो. कंत्राटी व्याख्यात्यांसाठी तर ७५० तास पुरतात. हे हक्क वाटाघाटीतून टिकले आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये हजारो व्याख्याते संपाच्या उंबरठ्यावर होते, तेव्हाच्या करारात पहिली नेमणूक एक वर्षाची, पुढची दोन, मग तीन अशी चढण बांधली गेली. दर सत्राला पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूकपत्र, पुन्हा खंड, हे चक्र त्यांनी मोडले.

आपल्याकडे हे करायचे तर पहिली पायरी हिशेबाची आहे. तासिका-शिक्षकाची प्रत्येक तासिका आज मानधनाच्या बिलासाठी नोंदवली जातेच. तीच नोंद त्याच्या नावाने विद्यापीठाच्या पातळीवर एका जागी ठेवावी, महाविद्यालय बदलले तरी तुटू देऊ नये, वर्षाअखेरीस तासांचा सही-शिक्क्याचा दाखला द्यावा. तयारी आणि पेपर तपासणीचे तास तासिकेच्या किती पट धरायचे, हे व्यवस्थापन परिषदेने ठरवावे. हे झाले की किती तासांना भविष्य निर्वाह निधी आणि किती तासांना पेन्शनचा भरणा, ही मागणी आकड्यांत मांडता येईल. विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) पदवीधर आणि शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. येत्या अर्थसंकल्पी बैठकीत त्यांनी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: निवृत्तिवेतनाचे पुढच्या वीस वर्षांचे देणे किती, २००५ नंतरच्या प्रत्येकाच्या खात्यात शासनाचा हिस्सा कुठल्या महिन्यापर्यंत जमा आहे, आणि गेल्या वर्षी किती तासिका कायम नसलेल्या शिक्षकांनी घेतल्या.