‘बाप्तिस्मा नाही म्हणजे आत्ता या क्षणी जळतोय’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या यवतमाळ, दारव्हा, दिग्रस पट्ट्यात गेल्या काही महिन्यांपासून एक फॉरवर्ड फिरून राहिला आहे. खाली लालभडक ज्वाळा, त्यात हात वर केलेली माणसं, वर पांढऱ्या अक्षरात मजकूर आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. मजकूर थोडक्यात असा की बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होताना पाण्याने होणारा विधी, न घेता मेलेला प्रत्येक माणूस याच क्षणी नरकात सैतानाच्या ताब्यात जिवंत जळतो आहे आणि तो कधीच सुटणार नाही, बायबलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, चर्चने २००० वर्षं हेच शिकवलंय, आणि जो हे मानत नाही तो ख्रिस्ती नाहीच.

पाठवणारे दोन प्रकारचे आहेत. एक आपलेच, मंडळीतले, ज्यांना वाटतं की भीती दाखवली की माणूस प्रभूकडे येतो. आणि दुसरे ते ज्यांना ख्रिस्ती लोकांचा राग आहे, ते तेच चित्र पाठवतात आणि खाली लिहितात, बघा यांचा देव कसा आहे. म्हणजे एकाच मजकुरावर दोघांचं काम चालू आहे. मी जन्मापासून मंडळीत वाढलेली बाई आहे, दर रविवारी उपासनेला जाते, नरक हा विषय मला हलका वाटत नाही, म्हणूनच या मजकुरातलं एकेक वाक्य घेऊन बोलते.

आधी ते ‘सैतानाच्या ताब्यात’. हे बायबलमध्ये कुठेच नाही. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या २० व्या अध्यायात सैतानालाच अग्नीच्या सरोवरात टाकलं जातं, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो की तो अग्नी सैतान आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेला आहे. तिथे तो कैदी आहे, जेलर नाही. शिंगं, त्रिशूळ, उकळती कढई हे सगळं नंतरच्या चित्रांतून आणि नाटकांतून आलेलं आहे.

मग ‘याच क्षणी’. यावर चर्चमध्ये खरोखर दोन मतं आहेत. कॅथलिक शिकवणीत माणूस मेल्यावर लगेच त्याच्या आत्म्याचा न्याय होतो, बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्याही तसंच मानतात, आणि त्यासाठी लूक १६ मधला श्रीमंत माणूस आणि लाजरस यांचा दाखला देतात. पण सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे लोक मानतात की मेलेला माणूस झोपेत असतो, त्याला काही कळत नाही, आणि जे काय व्हायचं ते पुनरुत्थान आणि न्यायानंतर. प्रकटीकरण २० मधला क्रमही बघा ना, आधी मेलेले उठतात, पुस्तकं उघडली जातात, न्याय होतो आणि अग्नीचं सरोवर त्यानंतर येतं, इतकंच नाही तर मरण आणि अधोलोक, म्हणजे मेलेल्यांची जागा, यांनाही त्यातच टाकलं जातं. आणि लाजरसाची गोष्ट ज्यांना अक्षरशः घ्यायची आहे त्यांनी ती पूर्ण वाचावी, तो श्रीमंत माणूस कशामुळे तिथे गेला याचं कारण बाप्तिस्मा नव्हतं, दारात फोडांनी भरलेला गरीब माणूस पडून होता आणि याचं रोजचं जेवण चालू होतं, एवढंच त्या गोष्टीत आहे.

आता सगळ्यात मोठं वाक्य, ‘चर्चने २००० वर्षं हेच शिकवलं’. हे वाचून मला जास्त त्रास झाला, कारण आपल्याच इतिहासाबद्दल आपल्याला इतकं कमी माहीत असावं याचं वाईट वाटतं. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ओरिजेन म्हणून मोठा विद्वान होऊन गेला, त्याचं म्हणणं असं की देवाची शिक्षा ही माणसाला शुद्ध करायला असते आणि शेवटी सगळं देवाकडे परत आणलं जाईल. ठीक आहे, ओरिजेन वादग्रस्त होता, पुढे ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत त्याचा निषेध झाला, आणि त्या निषेधात नेमकं काय काय धरायचं यावर अभ्यासक आजही भांडतात. पण निस्साच्या ग्रेगरीचं काय करणार? तो चौथ्या शतकातला बिशप, ३८१ साली तिथेच भरलेल्या आधीच्या परिषदेत बसलेला माणूस, पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या दोन्ही चर्चमध्ये संत म्हणून मानला जातो, आणि त्याने उघडउघड लिहिलंय की सोनं आगीत घालून मळ काढतात तसा आत्मा शुद्ध होईल आणि एक दिवस दुष्टपणा उरणारच नाही. त्याला कोणी चर्चबाहेर काढलं नाही.

उलट बाजूला संत ऑगस्टीन. उत्तर आफ्रिकेतला बिशप, ४३० साली वारला, आणि कायमची, जाणीव असलेली शिक्षा हे मत पश्चिमेकडच्या चर्चमध्ये पक्कं बसवण्यात त्याचा हात सगळ्यात मोठा. पण ऑगस्टीन स्वतःच लिहून गेला आहे की त्याच्या काळात पुष्कळ ख्रिस्ती लोकांना ही न संपणारी शिक्षा पटत नव्हती. तो त्यांच्याशी वाद घालतो, त्यांना चूक म्हणतो, पण ते आपल्याच चर्चमधले आहेत हे त्याला माहीत होतं. म्हणजे ज्याच्या नावावर ही शिकवण उभी आहे तोच साक्ष देतो की सगळ्यांचं एकमत नव्हतं. नंतर सातव्या शतकात निनवेचा इसहाक, सिरियाक भाषेत लिहिणारा साधू, तो म्हणतो की नरकात माणसाला देवाच्या प्रेमाचेच फटके बसतात, ज्याच्याविरुद्ध पाप केलं त्याच्या प्रेमाची जाणीव ही कुठल्याही यातनेपेक्षा जास्त टोचते. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा विचार आजही जिवंत आहे, तीच देवाची उपस्थिती एकाला उजेड आणि दुसऱ्याला आग.

आणि अलीकडचं बोलायचं तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुलै १९९९ मध्ये जाहीर सभेत सांगितलं की नरक म्हणजे एखादी जागा म्हणण्यापेक्षा, स्वतःच्या इच्छेने देवापासून कायमचं दूर झालेल्या माणसाची ती अवस्था आहे. कायमचं दूर होणं त्यांनी नाकारलं नाही हे लक्षात घ्या, कॅथलिक चर्च नरक कायमचाच मानतं. पण ज्वाळा आणि हात वर केलेली माणसं ही त्यांची शिकवण नाही. प्रोटेस्टंटांमध्ये जॉन कॅल्व्हिन, धर्मसुधारणेतला मोठा पुढारी, ज्याला कोणी मवाळ म्हणणार नाही, तोही सोळाव्या शतकात म्हणून गेला की आग, अंधार, किडा हे शब्द न सांगता येणाऱ्या गोष्टीचं रूपक आहेत. आणि जॉन स्टॉट, इंग्लंडचे नावाजलेले इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर काटेकोर भर देणाऱ्या गटातले, पाळक, त्यांनी १९८८ साली लिहिलं की दुष्टांचा शेवटी नाश होतो, ते अनंतकाळ तडफडत राहत नाहीत, या मताकडे आपला कल आहे. खूप टीका झाली त्यांच्यावर, पण त्यांना कोणी अख्रिस्ती ठरवू शकलं नाही.

मग ‘बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय’. स्पष्ट असतं तर एवढे देवभीरू लोक दीड दोन हजार वर्षं वेगवेगळ्या बाजूंना कशाला राहिले असते? कायमच्या शिक्षेचे वचन आहेतच, मत्तय २५:४६ मध्ये सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन शेजारी शेजारी आहेत, आणि त्या बाजूचे लोक विचारतात की जीवन कायमचं तर शिक्षा कायमची काऊन नाही. हा प्रश्न वजनदार आहे, मी तो उडवून लावत नाही. पण मत्तय १०:२८ मध्ये प्रभू म्हणतो की देव आत्मा आणि शरीर दोघांचा नरकात नाश करू शकतो, योहान ३:१६ जे आपण संडे स्कूलमध्ये पाठ केलं त्यातही ‘नाश होऊ नये’ असंच आहे, रोमकरांस पत्रात पापाचं वेतन मरण सांगितलंय. आणि तिसरीकडे १ करिंथ १५:२२ मध्ये जसे आदामात सगळे मरतात तसे ख्रिस्तात सगळे जिवंत केले जातील असं पौल लिहितो. कायमची शिक्षा, शेवटी नाश, शेवटी सगळ्यांचं तारण, अशा तीन बाजू, तिन्हींकडे वचनं.

‘न विझणारी आग’ हा शब्द धरून बसणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की मत्तय ३:१२ मध्ये त्या आगीत भूस जाळलं जातं. आपल्याकडे उन्हाळ्यात वावरात पऱ्हाट्यांचा ढीग पेटवतात तो बघितला नाही असा माणूस आमच्या गावात नाही. ती आग एकदा धरली की कोणाच्या बापाला विझवता येत नाही, पण सकाळी जाऊन बघा, राख असते. यशया ६६:२४, जिथून न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी आला, तिथे तर चक्क प्रेतं लिहिली आहेत. मला स्वतःला हीच बाजू जास्त पटते, शेवटचा, कायमचा नाश. माझ्या मंडळीत माझ्याशी सहमत नसलेले बरेच आहेत, आणि आम्ही प्रभुभोजनाच्या एकाच भाकरीत आणि प्याल्यात भागी होतो.

आता ‘बाप्तिस्मा न घेता मेलेला प्रत्येक माणूस’, आणि हे मी सगळ्यात मन लावून लिहून राहिले. माझ्या आईकडची मंडळी हिंदू. आजी शेवटपर्यंत गजानन महाराजांची पोथी वाचायची, एकादशी धरायची, आणि दारात आलेल्या कोणालाही जात न विचारता जेवू घालायची. तिची तेरवी झाली आणि दोन दिवसांनी हा फॉरवर्ड नातेवाईकांच्या ग्रुपवर आला. माझी मामेबहीण, शाळेतली पोरगी, तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, खरंच आजी जळून राहिली का वं?” तिच्या हातात मोबाईल होता आणि ते चित्र तिने मोठं करून ठेवलं होतं, त्या माणसांत ती आजीचं तोंड शोधत होती.

मी तिला सांगितलं ते इथेही सांगते. वधस्तंभावर प्रभूच्या बाजूला टांगलेल्या चोराचा कोणी बाप्तिस्मा केला नव्हता, आणि त्यालाच शब्द मिळाला की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मत्तय २५ मध्ये न्यायाच्या दिवशी विचारलं जातं ते हे की भुकेल्याला खायला दिलं का, तहानलेल्याला पाणी दिलं का, आजाऱ्याला भेटायला गेला का. कॅथलिक चर्चने १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, लिहून ठेवलं की ज्यांना स्वतःची चूक नसताना ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे जगायला धडपडतात, त्यांना तारण मिळू शकतं. आणि बाप्तिस्म्याआधी गेलेल्या लेकरांबद्दल, ज्यांच्यासाठी ऑगस्टीनने सौम्य का होईना पण शिक्षाच सांगितली होती, २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रज्ञांच्या आयोगाने पोप बेनेडिक्ट यांच्या परवानगीने छापलं की त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. ज्या आयांची लेकरं सुईणीच्या हातातच गेली त्यांच्यापर्यंत हे कोणी पोचवत नाही, ज्वाळा मात्र पोचतात.

काही प्रोटेस्टंट भाऊ म्हणतील, आम्ही पोपचं काऊन ऐकावं. नका ऐकू. पण ख्रिस्तावर विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही असं काटेकोर मानणाऱ्यांनीही, एखाद्या मेलेल्या माणसाचं नाव घेऊन हा नरकात आहे असं म्हणायचा अधिकार कोणाला दिलेला नाही. कॅथलिक चर्चने हजारो संत जाहीर केले, पण अमुक माणूस नरकात गेला असं अधिकृतपणे एकाबद्दलही कधी जाहीर केलेलं नाही, येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतबद्दलसुद्धा नाही. मग आमच्या तालुक्यातल्या मोबाईलवरून सरसकट सगळ्यांचा निकाल कसा काय लागतो?

राहिलं शेवटचं, ‘जो हे मानत नाही तो ख्रिस्ती नाहीच’. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन, असे वेगवेगळ्या घरचे लोक एकत्र आले, आणि आधार घेतला तो प्रेषितांच्या आणि नायसीन विश्वासांगीकाराचा, म्हणजे आपण काय मानतो हे सांगणाऱ्या चर्चच्या दोन जुन्या कबुल्यांचा. ते दोन्ही काढून वाचा. ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल, हे आहे. मेलेल्यांचं पुनरुत्थान आहे, पुढचं जीवन आहे. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात ख्रिस्त स्वतः अधोलोकात उतरला हेही आहे. आग किती दिवस जळते, कोणाला जळताना जाणीव राहते, बाप्तिस्मा नसलेल्याचं नक्की काय होतं, यावर त्यात एक ओळ नाही. ज्यांनी ते चित्र बनवलं आणि जे ते पुढे ढकलून राहिले त्यांनी मला ती ओळ दाखवावी, आणि तोवर तेरवीच्या घरातल्या ग्रुपवर तरी हे टाकू नये.