शेजारी ट्रम्पेटवाला

“पेडल म्हणजे ब्रेक नव्हे,” असं मॅडम आज सगळ्या वर्गादेखत मला म्हणाल्या. हसले सगळेच. पण सगळ्यात मोठ्याने हसला तो माझ्या डावीकडच्या पियानोवर बसणारा ट्रम्पेटवाला, आणि माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे. कारण ते पेडल उलटं झालं होतं त्याच्या पायामुळे.

आधी पेडल समजून घ्या, म्हणजे मी उगाच रडत नाहीये हे पटेल. पाय खाली असेपर्यंत सूर घुमत राहतात, पाय वर घेतला की थांबतात. आमच्या पियानो लॅबमध्ये, म्हणजे सोळा जण एकदम शिकतात त्या खोलीत, डिजिटल पियानोचं पेडल सुटं असतं, वायरने मागे जोडलेलं. आत फक्त एक स्विच. काही पेडलांत दाबल्यावर सर्किट जुळतं, काहींत दाबल्यावर तुटतं. आपल्याला यातलं कुठलं जोडलंय हे वाद्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून बऱ्याच वाद्यांनी एक सोपा नियम केलाय: चालू होताना पेडल ज्या स्थितीत असेल, ती स्थिती म्हणजे ‘पाय वर’. आता मॅडम भिंतीवरचा मुख्य स्विच दाबतात, सोळाही पियानो एकदम जागे होतात, आणि नेमक्या त्या क्षणी ज्याचा बूट माझ्या पेडलवर विसावलेला असतो त्या माणसाचे पाय लांब आहेत. ते स्वतःच्या पियानोखाली ठेवावेत असं त्याचं मत नाही.

मग पेडल उलटं चालतं: पाय खाली तर सूर थांबतात, वर तर घुमतात. मधल्या पातळीवर आम्हाला जे शिकवतात ते सरळ पेडल नव्हे, उशिराचं पेडल. नवी कॉर्ड (एकदम दाबलेले दोन-तीन सूर) पडते त्याच क्षणी पाय वर, ती कानात शिरली की लगेच खाली. हात खाली तेव्हा पाय वर. नवशिका हात आणि पाय एकदम खाली आणतो आणि मागचे सूर पुढच्यांत कालवून ठेवतो. मी हे नीट केलं. पण उलट्या पेडलवर नीट करणं हाच गुन्हा. ऐन बदलाच्या जागी दोन कॉर्ड एकमेकींना चिकटतात आणि हात उचलला रे उचलला की कोरडा ठणठणाट. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: वाद्य बंद करा, पाय काढा, पुन्हा चालू करा. हे मी मॅडमना सांगितलंही. त्या म्हणाल्या, “वाद्याला नावं ठेवू नयेत.” वाद्याला कोण ठेवतंय!

पियानोच्या वर्गात ट्रम्पेट आला कुठून, हा प्रश्न रास्त आहे. पाश्चात्त्य संगीताच्या पदवीला बऱ्याच ठिकाणी, तुमचं मुख्य वाद्य काहीही असो, पियानोची परीक्षा पार करावीच लागते. त्यामुळे एका खोलीत गायक, तालवाद्यवाले, फुंकवाद्यवाले असे सगळे हेडफोन लावून बसतात. मी गायनाची. पहिल्या वर्षी आम्हा सगळ्यांना सारखंच काही येत नव्हतं, त्यामुळे वातावरण प्रेमाचं होतं. मधल्या पातळीवर मात्र प्रत्येकाची मूळ जात वर येते. गाणारे उजव्या हाताने सुंदर वाजवतात आणि डाव्या हाताला घरी ठेवून आल्यासारखे वागतात. तालवाले लय सोडत नाहीत, सूर कुठलेही घेतात. ट्रम्पेटवाल्याचं प्रकरण वेगळंच आहे.

ट्रम्पेटला व्हॉल्व, म्हणजे सूर बदलायला दाबायच्या कळा, तीन. ते चालवायला उजव्या हाताची तीन बोटं पुरतात. डावा हात वाद्य धरून ठेवतो. हा माणूस पियानोवरही हीच व्यवस्था राबवतो. उजव्या हाताची तीन बोटं कामाला, करंगळी हवेत, आणि डाव्या हाताने पियानोची कड घट्ट धरलेली, जणू तो सोडला तर पियानो खाली पडेल. प्रत्येक ओळीआधी तो भरपूर श्वास घेतो. मला हेडफोनमधूनही तो ऐकू येतो आणि गळ्याच्या सवयीने मीही घेते. सी मेजरची स्केल (सी या सुरापासून चढत जाणारी सी, डी, ई, एफ, जी, ए, बी ही ओळ) मी त्याच्या श्वासावर सुरू करते, हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मला घरी जावंसं वाटलं होतं.

त्याचा मुख्य आरोप असा आहे की लॅबमधले सगळे पियानो एक सूर वर लागलेत.

“कागदावर सी आहे,” तो म्हणाला. “मी सी दाबला. ऐकू काय येतंय? डी!”

“सी येतोय.”

“तुला येत असेल. मी दहा वर्षं सी ऐकतोय, मला विचार.”

बिचारा खोटं बोलत नव्हता. नेहमीचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा असतो, म्हणजे बी च्या लगेच खालच्या काळ्या पट्टीच्या सुराचा. वादक कागदावर सी वाचून फुंकतो तेव्हा खोलीत बी फ्लॅट उमटतो. म्हणजे पियानोचा सी हा त्याच्या कानाला खरोखरच डी. हे कळल्यावर मी सहानुभूतीने गप्प बसायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात बी फ्लॅट मेजर निघाली.

“ही तर सर्वांत सोपी,” तो म्हणाला. “हिच्यात एकही फ्लॅट नाही.”

“दोन आहेत. बी आणि ई.”

“पियानोवर असतील.”

“तू पियानोवर बसला आहेस.”

“तात्पुरता,” तो म्हणाला, आणि पुन्हा कड धरली.

बी फ्लॅट सोपी! अंगठ्यांच्या दृष्टीने तिच्याइतकी तुसडी स्केल शोधून सापडायची नाही. अंगठा १, करंगळी ५ असं मोजलं तर सी मेजरमध्ये उजव्या हाताची बोटं १२३-१२३४-५ आणि डाव्याची ५४३२१-३२१. अंगठे वेगवेगळ्या वेळी वळतात, पण तिसरी बोटं ई आणि ए वर बरोबर एकत्र पडतात. तेवढी खूण धरली की दोन सप्तकं दोन्ही हातांनी पार होतात. एफ मेजरमध्ये उजव्या हाताला चौथं बोट बी फ्लॅटच्या काळ्या पट्टीवर नेऊन मगच अंगठा आत घ्यावा लागतो, १२३४-१२३. मात्र दोन्ही अंगठे सी वर भेटतात आणि मधल्या एफ वरही, म्हणून निभावतं. बी फ्लॅटमध्ये उजव्याचे अंगठे सी आणि एफ वर, डाव्याचे डी आणि ए वर. वर जाताना नाही, खाली येताना नाही, कधीच गाठ पडत नाही. डावा हात ३२१-४३२१-३ असा उतरत्या बोटांनी चढतो आणि ई फ्लॅटवर चौथं बोट ओलांडून टाकायचं विसरला की पुढे बोटंच उरत नाहीत. यावर उपाय म्हणजे आधी प्रत्येक अंगठ्यापर्यंतचे सूर एकदम गठ्ठ्याने दाबून बघायचे, मग सुटे करायचे. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर, एका ठोक्याला एक सूर. दोन सूर नंतर. हे सगळं मी करत असताना शेजारून खांद्यावर टिचकी.

मी हेडफोन काढला.

“तुझा टोन कोरडा येतोय.”

“तुला ऐकू येतोय?”

“दिसतोय.”

यावर काय बोलणार? लॅबमध्ये दुसऱ्याचं ऐकू येतं ते फक्त लाकूड. आतल्या हातोड्यांची धपधप, बुटांच्या टाचा, आणि मधूनच कुणी नकळत गुणगुणलं तर ते. सोळा जण सोळा स्केला वाजवत असतात आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं टायपिंगची परीक्षा चाललीय.

एकाच खोलीत अनेकांना अनेक पियानोंवर बसवायची ही कल्पना जुनी आहे. योहान बर्नहार्ड लोजिए नावाच्या गृहस्थाने डब्लिनमध्ये १८१४ साली किरोप्लास्ट नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पट्ट्यांसमोर एक लाकडी चौकट, मनगटासाठी दांडे, प्रत्येक बोटासाठी कप्पा. हात बांधल्यासारखे स्थिर, आणि बरेच विद्यार्थी एकाच वेळी आपापल्या पियानोवर. पुढे प्रशियाच्या सरकारनेही त्याची पद्धत शिकून घ्यायला त्याला बर्लिनला बोलावलं होतं. बोटांची एवढी काळजी वाहणाऱ्या माणसाला पायांसाठी एक चौकट सुचू नये, याचं मला आज विशेष वाईट वाटतं.

आता मॅडमच्या टेबलावरचा तो बटणांचा नियंत्रक. त्यावरून त्या कुणाच्याही कानात शिरू शकतात, कुणालाही स्पीकरवर टाकू शकतात, आणि दोघांना जोडूही शकतात. जोडलं की दोघं फक्त एकमेकांना ऐकतात. आज पेडलाचं झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना जोडलं. मी वरची चाल, त्याने खालच्या कॉर्ड. आधी सी मध्ये, म्हणजे सी हा मूळ सूर धरून, मग ऐनवेळी जी मध्ये बदलून.

सी मधल्या कॉर्डची मांडणी सगळ्यांनाच घोटून दिलेली असते, कारण तिच्यात हात जागेवरून हलत नाही. सी-ई-जी, मग सी-एफ-ए, परत सी-ई-जी, मग बी-एफ-जी. डाव्या हाताला ५-३-१, ५-२-१, ५-३-१, ५-२-१. चुकतं ते शेवटच्या वळणावर: करंगळी बी वर सरकवायच्या आधीच मनगट निघून जातं आणि ती सी वरच राहते. जी मध्ये न्यायचं तर हीच आकृती उचलून सी धरून पाचव्या सुरावर ठेवायची, फक्त एफ शार्पची (एफ च्या लगेच वरच्या काळ्या पट्टीची) आठवण ठेवायची. अक्षरं मोजत बसलं की मेलो. अंतरं मोजायची.

आणि इथे कबूल करायला हवं की सूर बदलून वाजवण्यात त्याच्यासारखा वर्गात कुणी नाही. आम्ही भुवया आवळून मोजत असतो, हा जन्मभर तेच करत आलाय. जी म्हटल्याबरोबर त्याने वाजवायला घेतलं. अडखळला नाही, श्वासही मापात. फक्त वाजवलं एफ मध्ये. कान सवयीने एक सूर खाली गेला आणि डोळ्यांनी हरकत घेतली नाही. माझ्या जी मेजरच्या चालीखाली त्याच्या एफ च्या कॉर्ड शांतपणे चालत राहिल्या. माझा एफ शार्प त्याच्या एफ वर जाऊन पडला तेव्हा मी थांबले. कोणीही थांबेल! कानावर दगड पडल्यावर माणूस थांबतो.

मॅडमच्या कागदावर त्याच्या नावापुढे ‘सातत्य उत्तम’. माझ्यापुढे ‘अडखळते’.

नियम मला माहीत आहे. नवा कागद पहिल्यांदाच बघून वाजवताना चुकीचा सूर चालतो, थांबणं चालत नाही. आतले सूर गाळा, खालचा सूर आणि ठोका धरा, पुढे चला. एकट्याने वाजवताना हा नियम सोन्याचा आहे, मी तो इतरांनाही सांगते. पण दोघांमध्ये एक जण वेगळ्याच गावाला निघालेला असताना सातत्याचे गुण त्यालाच द्यायचे, हा कुठला न्याय? आणि कुणी मुद्दाम करतं असंही नाही. पन्नास मिनिटांचा तास, सोळा जण. भागाकार करा, माणशी जेमतेम तीन मिनिटं येतात. त्यांतून हजेरी, हेडफोनच्या जाड आणि बारीक पिनांची अदलाबदल आणि ‘माझा आवाजच येत नाही’वाले वजा. तेवढ्यात मॅडम कानात येतात, एक ओळ ऐकतात, एक शब्द लिहितात. तो शब्द परीक्षेपर्यंत चिकटतो.

परीक्षा तर खऱ्या ग्रँड पियानोवर. वर्षभर सराव अशा पेडलवर की ज्याला फक्त हो आणि नाही कळतं, आणि परीक्षा अशा पेडलवर की जिथे पाय अर्धा उचलला तर अर्धाच आवाज दबतो. वर्षभर आवाजाचा दांडा पुढे सरकवून बोटांना लाडावायचं, कारण कानात मोठं ऐकू आलं की बोटं आपोआप भित्री होतात, आणि परीक्षेच्या दिवशी दालनात पट्टी हळू दाबली म्हणून ती वाजतच नाही. याबद्दल तक्रारवहीत लिहायचं ठरवलं तर वहीत आधीच्या तुकड्यांनी हेच लिहून ठेवलेलं आहे.

तेव्हा निदान जागा तरी बदलावी म्हणून तासानंतर बघून आले. दाराजवळचा एक पियानो रिकामा आहे. रिकामा का, तर त्याची मधली ए फ्लॅटची पट्टी किंचाळते. पट्टीखाली दोन रबरी संपर्क असतात. दोन्ही जुळण्यातल्या वेळावरून वाद्य ठरवतं की तुम्ही किती जोरात दाबलं. धूळ बसली की हिशेब बिघडतो आणि फुंकर मारल्यासारखं दाबलं तरी पूर्ण ताकदीने आवाज येतो, नाहीतर येतच नाही. सी, जी, डी, एफ, बी फ्लॅट या मेजर स्केलांमध्ये ती पट्टी लागत नाही. ए मेजरमध्ये लागते, जी शार्प म्हणून, पण ए मेजर यायला अवकाश आहे.

मी स्टूल सरकवून उंची लावत होते, कोपर पट्ट्यांच्या पातळीला, तेवढ्यात मागून प्रश्न आला.

“इथे बसणार आहेस?”

“विचार आहे.”

“मग मी बाजूचं घेतो,” ट्रम्पेटवाला म्हणाला. “बोटं कुठली घालायची ते मी तुझी बघूनच घालतो.”