आपलेच नाणे खोटे

इंग्लंडमधील सफोक परगण्यात स्थायिक झाल्यावर शेजाऱ्याच्या नादाने मी मेटल डिटेक्टर घेतला आणि कानाला हेडफोन लावून, हरवलेली म्हैस शोधणाऱ्याच्या चिकाटीने नांगरलेल्या शेतांतून हिंडू लागलो. दोन हिवाळ्यांची कमाई म्हणजे बिअरच्या डब्यांच्या कड्या, काडतुसांची पितळी बुडे आणि गुडघेदुखी. जे सापडेल त्यात निम्मा वाटा शेतमालकाचा, असे रीतसर ठरले होते. कड्यांच्या बाबतीत मात्र त्याने कधी हट्ट धरला नाही.

गेल्या नोव्हेंबरात पाऊस कॉलरमधून पाठीवर उतरत असताना यंत्र असे काही किंचाळले, की मी चिखलातच बसकण मारली. वीतभर खाली चांदीचे नाणे होते आणि त्यावर सम्राट डोमिशियनचे मस्तक! याच डोमिशियनने रोमन सैनिकाचा वार्षिक पगार २२५ देनारियसांवरून, म्हणजे चांदीच्या रोमन नाण्यांवरून, ३०० वर नेला होता. त्या वाढीतला एक देनारियस माझ्या तळहातावर आहे, या कल्पनेने मला रात्रभर झोप आली नाही.

अशा सापडलेल्या वस्तूंची नोंद ब्रिटिश म्युझियममार्फत चालणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये होते. तेथील बाईंनी नाणे काट्यावर ठेवले, ते हलके भरल्यावर भिंगाखाली धरले आणि लॉटरी लागल्यासारख्या आनंदाने सांगितले, की हे खोटे आहे, पण अस्सल प्राचीन खोटे आहे! तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून, तापवून, ठशांमध्ये ठोकलेले हे नाणे होते आणि कडेला पत्रा उडाला होता तेथून हिरवे तांबे डोकावत होते. आपल्याकडे तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात ती आतून, खाणाऱ्याच्या भल्यासाठी. या भामट्याने ती बाहेरून केली होती.

सम्राटाच्या गालावरची जी खूण मी नांगराची समजत होतो, ती छिन्नीची निघाली. आत काय आहे हे पाहण्यासाठी त्या काळी नाण्यावर असा घाव घालत. म्हणजे कोण्या रोमन वाण्याने एका ठोक्यात जे ओळखले, ते कळायला मला दोन हिवाळे आणि एक महागडे यंत्र लागले.

१९९६च्या ट्रेझर ॲक्टनुसार असे सुटे नाणे खजिना ठरत नाही, त्यामुळे सरकारी बक्षिसाची आशाही उरली नव्हती. संध्याकाळी मी शेतमालकापुढे नाणे ठेवले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले, सगळी हकीकत शांतपणे ऐकली आणि आपला निम्मा वाटा मोठ्या मनाने मला देऊन टाकला.