पत्ता बदलला, हँडगनच्या परवान्यावर मात्र जुनाच

ह्यूस्टनजवळच्या केटीमधून आम्ही ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉकला राहायला आलो, त्याला आता महिना झाला. पहिल्या आठवड्यातच बँक, विमा, वीज, मुलांची शाळा या सगळ्या ठिकाणचे पत्ते बदलून झाले. सतराव्या दिवशी टपालाने नवे ड्रायव्हिंग लायसन्स आले आणि ते पाकिटात सरकवताना त्याच्याच मागच्या कप्प्यातले दुसरे कार्ड हाताला लागले. ते हँडगन बाळगण्याच्या परवान्याचे होते आणि त्यावर अजून केटीच्या घराचा पत्ता होता. त्या क्षणी मला मनापासून अपराधी वाटले, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

टेक्सासचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. परवानाधारकाने घर बदलले, तर ३० दिवसांच्या आत परवान्याचा क्रमांक, जुना पत्ता आणि नवा पत्ता राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाला कळवावा लागतो. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदलले तरी हाच नियम आहे. न कळवल्यास परवाना निलंबित होऊ शकतो. ड्रायव्हिंग लायसन्स आणि हा परवाना एकाच विभागाकडून मिळतात, त्यामुळे एकीकडे पत्ता बदलला की दुसरीकडे तो आपोआप बदलत असेल असा आपल्यातल्या अनेकांचा समज असतो आणि माझाही तोच होता. प्रत्यक्षात दोन्हींसाठी वेगवेगळे कळवावे लागते. एकाच विभागाने हे एकाच अर्जात का घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते. परंतु तशी सोय होईपर्यंत जबाबदारी आपली आहे.

यावर एका स्नेह्यांनी विचारले, "२०२१ पासून टेक्सासमध्ये परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते, मग त्या कार्डावरच्या पत्त्याची एवढी काळजी कशाला?" त्यांचा मुद्दा अर्धाच खरा आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तींना परवान्याची सक्ती उरलेली नाही; परंतु ज्याने परवाना घेतला आहे, त्याच्यावरची पत्ता कळवण्याची सक्ती कायम आहे. शिवाय ज्या कारणांसाठी आपण परवाना टिकवून ठेवतो, ती सगळी त्या कार्डाच्या विश्वासार्हतेवर उभी आहेत. इतर अनेक राज्ये टेक्सासचा परवाना मान्य करतात. दुकानातून शस्त्र घेताना वैध परवाना दाखवला, तर त्या वेळची वेगळी पार्श्वभूमी-तपासणी लागत नाही. मात्र त्याच वेळी भरायच्या केंद्रीय अर्जात सध्याचा राहता पत्ता लिहावा लागतो आणि तिथे जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. हँडगन जवळ असताना पोलीस अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितले, तर परवानाधारकाने दोन्ही कार्डे दाखवावीत असे कायदा सांगतो. रात्रीच्या वेळी हायवेच्या कडेला, अधिकाऱ्याच्या टॉर्चच्या उजेडात, त्या दोन कार्डांवर दोन वेगळे पत्ते असावेत हे मला मुळीच मान्य नाही. समोरचा माणूस आधीच सावध असतो. त्याच्या मनात शंकेला जागा ठेवू नये.

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. परवान्याबाबतचे टपाल नोंदीतल्या पत्त्यावर जाते. आमच्या जुन्या घरात आता एक अनोळखी कुटुंब राहते. आमच्याकडे शस्त्र आहे हे त्यांना एखाद्या पाकिटावरून कळावे, आणि नूतनीकरणाची किंवा निलंबनाची सूचना मात्र आम्हाला कळूच नये, हे दोन्ही वाईटच.

आपण स्थलांतरित माणसे कागदपत्रांबाबत एरवी किती दक्ष असतो! ग्रीन कार्डधारकाने घर बदलले की १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला एआर-११ अर्जाने पत्ता कळवायचा, हे कोणाला आठवण करून द्यावे लागत नाही. तीच दक्षता इथेही हवी. (एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मुळात शस्त्र बाळगण्यासच केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे.)

माझ्या आजोळी, कुडाळजवळ, मामांकडे शेतीसंरक्षणाची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की मामा ती जुन्या धोतरात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायला जात आणि मिळालेली पावती घडी घालून देवघरातल्या फडताळात ठेवत. बंदुकीपेक्षा त्या पावतीला ते अधिक जपत. ती पावती घरात असेपर्यंत आम्हा मुलांना त्या फडताळाला हात लावायची परवानगी नसे.

त्या सतराव्या दिवशी रात्री मुले झोपल्यावर आम्ही दोघांनीही विभागाच्या संकेतस्थळावर नवा पत्ता कळवला. मुदतीचे १३ दिवस शिल्लक होते. घर बदलताना करायच्या कामांची यादी अजून फ्रिजवर लावलेली आहे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या ओळीखाली मी "हँडगन परवाना, दोघांचा, वेगळा अर्ज" असे लिहून ठेवले आहे. पुढच्या महिन्यात माझी बहीण डॅलसहून फ्रिस्कोला राहायला जाणार आहे. तिच्याकडेही परवाना आहे, म्हणून त्या यादीचा फोटो तिला कालच पाठवला.