तास नको, मॅच मोजा

"अर्धा तास खेळ आणि मग अभ्यासाला बस." दहावीच्या मुलाला हे सांगण्यात काही अर्थ नाही, कारण बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम म्हणजे कॅरम नव्हे, सोंगट्या तशाच ठेवून जेवायला उठता येत नाही. एरँगल या मोठ्या मॅपवरची क्लासिक (नेहमीची, लांब) मॅच शेवटपर्यंत टिकलं तर साधारण 30 मिनिटं चालते. स्क्वॉड, म्हणजे टीम, चौघांची. मध्येच सोडली तर रँकचे पॉइंट जातात, वर तिघांच्या शिव्या. अठराव्या मिनिटाला आईने हाक मारली की "पाच मिनिटं" असं उत्तर येतं ते त्यामुळे. उलट तिसऱ्याच मिनिटाला मेला, तर चिडून लगेच दुसरी लावतो. म्हणून बोली मॅचची करा: शाळेच्या दिवशी क्लासिकची एक, किंवा फ्री फायर मॅक्स या तशाच गेमच्या दोन (तिथली मॅच दहा-पंधरा मिनिटांत संपते). आणि साडेआठनंतर नवी मॅच लावायची नाही.

ही वेळ महत्त्वाची आहे, कारण मार्क जातात ते मुख्यतः रात्रीच्या खेळामुळे. या वयात 8 ते 10 तास झोप लागते आणि दिवसा शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. बाराला मॅच संपली, डोकं शांत व्हायला आणखी अर्धा तास, साडेसहाला क्लास. उरले जेमतेम साडेपाच तास. पाठांतराचे विषय थोडे दिवस तग धरतात, आधी घसरतं ते बीजगणित आणि भूमिती. 40 मार्कांच्या पेपरात चौकटी भरायच्या कृती जमतात, चार मार्कांचं गणित सुटत नाही, कारण तिथे उत्तर दिसत नसतानाही दहा मिनिटं चिकटून बसावं लागतं. वही उघडून बघा: तीन पायऱ्या नीट, चौथीपासून पान कोरं. रचनेत कंपासचे कंसच नाहीत, रेघा अंदाजपंचे.

मात्र सगळं खापर गेमवर फोडू नका. संध्याकाळी सहाला तासभर खेळून दहाला झोपणाऱ्या मुलाचं फारसं बिघडत नाही. सातवीपासून अपूर्णांक कच्चे असतील, तर मोबाइल काढून घेतल्याने ते पक्के होणार नाहीत.

आता सेटिंग. फोनमधल्याच डिजिटल वेलबीइंगचा टायमर मुलगा स्वतःच दोन टॅपमध्ये काढतो. फॅमिली लिंक हे गुगलचं पालकांसाठीचं अ‍ॅप लावा, तुमच्या गुगल खात्याचा पासवर्ड त्याची जन्मतारीख नको. फोनमध्ये सेकंड स्पेस (त्याच फोनमधला वेगळा, लपलेला कप्पा) किंवा दुसरा युजर आहे का बघा, गेम बऱ्याचदा तिथे लपवलेला असतो. रात्री वायफाय बंद करून उपयोग नाही, सिमचा रोजचा डेटा असतोच. चार्जर हॉलमध्ये ठेवा, गजराला साधं घड्याळ आणा. बीजीएमआयने 18 खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती, पण शाळेच्या दिवशी तीन तास म्हणजे सगळी संध्याकाळच की!

प्रीलिमच्या तोंडावर फोन जप्त करू नका, खेळ मित्राच्या फोनवर जातो आणि तुम्हाला दिसेनासा होतो. त्यापेक्षा गेमचा चालू सीझन कधी संपतोय ते त्यालाच विचारा. शेवटच्या आठवड्यात रँक आणि रॉयल पासच्या मिशनसाठी (ती पूर्ण केली की गेममधली बक्षिसं मिळतात) झुंबड असते. तो आठवडा प्रीलिमवर येत असेल, तर रँकचं काय करायचं ते महिनाभर आधीच ठरवा.

आणि यूपीआयचा पिन त्याच्यासमोर टाकत असाल तर आजच बदला. प्ले स्टोअरला प्रत्येक खरेदीवेळी पासवर्ड मागायला लावा. यूसीचं (गेममध्ये खर्चायच्या, खऱ्या पैशांनी घ्यायच्या चलनाचं) पहिलं पॅक स्वस्त असतं, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही.