ती पावाची चोरी डायरीत नाही

‘अ‍ॅन फ्रँकचं नाटक म्हणजे तिची डायरी जशीच्या तशी रंगमंचावर. शत्रू दिसतच नाही, म्हणून संघर्ष फक्त संवादांतून कळतो. आणि व्हॅन डान पाव चोरायचे, हे तिनेच लिहून ठेवलंय.’ हा संदेश नाट्यगटांतून फिरतोय. भाचीने तो तालमीच्या वहीत उतरवून घेतलाय, म्हणून हे लिहावं लागतंय. अ‍ॅन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेली ज्यू मुलगी; व्हॅन डान कुटुंबही तिच्या कुटुंबासोबत त्याच घरात लपलं होतं.

आधी पावाचं, कारण त्यात एका मृत माणसाची बदनामी आहे. डायरी उघडा. खाण्याच्या वाटणीवरून कुरबुरी भरपूर सापडतील, पण रात्री पाव चोरताना पकडलेला माणूस कुठेही सापडणार नाही. तो प्रसंग फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट यांनी १९५५च्या नाटकासाठी रचला. नाटकातले व्हॅन डान म्हणजे खरे हर्मन व्हान पेल्स. ते १९४४ मध्ये ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत मारले गेले. स्वतःची बाजू मांडायला ते उरले नाहीत, म्हणून निदान आपण तरी त्यांना चोर म्हणू नये. त्याच घरात लपलेल्या ड्यूसेलचंही तेच. नाटकात त्यांना हनुक्का हा ज्यूंचा सण ठाऊक नाही. ड्यूसेल म्हणजे खरे फ्रिट्झ फेफर, आणि ते धर्माचे चांगले जाणकार होते.

नाट्यरचना म्हणून मात्र हा प्रसंग पक्का आहे. अंधारात व्हॅन डान अन्नाच्या कपाटातून अर्धा पाव काढतात, दार लावताना ते करकरतं, आणि अ‍ॅनची आई मिसेस फ्रँक जाग्या होतात. इतका वेळ सगळ्यांना सांभाळून घेणारी बाई या कुटुंबाला बाहेर काढा म्हणते. ड्यूसेल बटाट्यांच्या वाटण्या करायला बसतात. तेवढ्यात खालून बझर वाजतो आणि त्यांना बाहेरून मदत करणारी मीप दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्याची बातमी आणते. म्हणजे भांडण पेटवते एक करकर आणि थांबवतो एक बझर. इथे पार्श्वसंगीत घातलंत तर करकर बुडते आणि मिसेस फ्रँक का उठल्या तेच प्रेक्षकांना कळत नाही.

‘फक्त संवादांतून’ हे तर निखालस चूक. खाली कामावरची माणसं असतात, म्हणून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बूट नाहीत, नळ नाही, मोठ्याने बोलणं नाही. हा नियम एकदा प्रेक्षकांच्या मनात बसला की पडलेली प्रत्येक वस्तू धोका होते. हनुक्काच्या रात्री खाली चोर शिरतो, दिवा विझवायला व्हॅन डानांचा मुलगा पीटर खुर्चीवर चढतो, खुर्ची सरकते आणि दिव्याची लोखंडी शेड खाली आदळते. ती खरी, जड हवी. ध्वनिमुद्रित आवाजाने कोणी दचकत नाही. रस्त्यावरचे आवाज विंगेमागच्या वेगळ्या स्पीकरमधून सोडा. अ‍ॅनच्या निवेदनाच्याच स्पीकरवर ते आले तर आठवणीसारखे वाटतात.

नेपथ्यात मधली मोठी खोली, दोन बाजूंच्या लहान खोल्या आणि वरचा माळा एकदम दिसतात. भांडण मधल्या खोलीत चाललं असलं तरी बाकीच्या खोल्यांत मंद उजेड ठेवा. ते ऐकण्यावाचून इलाज नसलेली माणसं दिसली पाहिजेत. ब्लॅकआउट केलात की ती बाहेर गेली असं वाटतं, आणि या घरात बाहेर जाताच येत नाही.

शत्रू दिसत नाही, हे १९५५च्या संहितेपुरतं मान्य करावं लागेल. वेंडी केसलमन यांच्या १९९७च्या सुधारित आवृत्तीत पकडायला आलेले लोक रंगमंचावर येतात. आपल्या हातात कोणती संहिता आहे ते तालमीआधी बघा, कारण दोन्हींचे शेवट एकमेकांत मिसळता येत नाहीत.