वाळा अंगणात का लावावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कुंपणाच्या कडेने वाळा लावण्याविषयी मी लिहिले होते. त्यावर, शेतकरी जे उपटून बांधावर फेकतो त्यालाच मी शोभेचे ठरवतो, उंच गवतात डास आणि साप येतात, आणि उन्हाळ्यात ते पेट घेते, म्हणून आखीव हिरवळच बरी, असे आपण कळवले आहे. आगीचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तो मूळ लेखात यायला हवा होता.

तणाविषयी मात्र मतभेद आहे. हराळी, कुंदा आणि लव्हाळा शेतकऱ्याला हैराण करतात ते जमिनीखालच्या खोडांमुळे आणि गाठींमुळे. एखादा तुकडा मागे राहिला तरी तो पुन्हा फुटतो. वाळ्याचा ठोंब जागच्या जागी जाड होत जातो, मुळे आडवी न पसरता दोन-तीन मीटर सरळ खाली उतरतात, आणि दक्षिणेकडच्या लागवडीच्या वाळ्याला रुजणारे बी बहुधा धरतच नाही, त्यामुळे तो ठोंब फोडूनच वाढवावा लागतो. कर्नाटकात गुंडलुपेटच्या परिसरातील शेतकरी शेताच्या हद्दीवर वाळा पूर्वापार राखत आले आहेत. उलट आपण जिची बाजू घेतली ती हिरवळ कित्येक बंगल्यांत हराळीचीच निवडक जात असते!

डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतात, गवतात नाही. दिवसा ते दाट पात्यांत विसावतात, हे मात्र खरे. साप उंदरांच्या मागे येतो, आणि उंदरांना आडोसा लागतो. म्हणून वाळा दाराशी किंवा खिडकीखाली लावू नये आणि बुंध्याशी पाचोळा साठू देऊ नये.

देशी म्हणून कोणतेही उंच गवत अंगणात आणावे, असे माझे म्हणणे नाही. कुसळी माळावर वाऱ्याने डोलते तेव्हा सुंदर दिसते, पण तिची कुसळे कपड्यांत आणि कुत्र्याच्या अंगात रुततात. भाद्रपद-आश्विनात नदीकाठ पांढरा करणारा कास मला फार आवडतो (उसाच्या अनेक जातींत त्याचे रक्त आहे), तरी तो जमिनीखालून पसरत असल्याने लहान अंगणात लावू नये.

आता आगीविषयी. मी दरवर्षी फाल्गुनात, पाती पुरती वाळण्याआधी, ठोंब गुडघ्याच्या खाली विळ्याने कापतो. पात्यांची कड हाताला कापते, म्हणून लांब बाह्यांचा सदरा घालतो. कापलेली पाती उघडी न टाकता आळ्यात घालून वर मातीचा थर देतो. कापणी चुकवायची असेल, तर वाळा लावूच नये. हा मजकूर मूळ लेखात आजच जोडत आहे.